नागमोडी की चौकोनी? सर्किटच्या आकृत्यांविषयी वाचकांचे प्रश्न

चाचणी परीक्षांचे दिवस आले की या सदराच्या टपालात विजेच्या आकृत्यांवरचे प्रश्न वाढतात. या खेपेला त्यांतलेच काही निवडले आहेत. बहुतेक विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे, एका शिक्षिकेचा आणि शेवटचा एका निवृत्त वाचकाचा.

प्रश्न : माझा मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत नववीत आहे आणि पुतणी केंब्रिज मंडळाच्या शाळेत त्याच इयत्तेत. सुट्टीत दोघं एकत्र अभ्यासाला बसली आणि भांडण जुंपलं. याच्या वहीत रेझिस्टर नागमोडी, तिच्या वहीत सरळ आयत. दोघंही म्हणतात, ‘आमच्या बाईंनी असंच शिकवलंय.’ बरोबर कोण? – एक पालक, ठाणे

उत्तर : दोघंही बरोबर आहेत आणि दोघांच्या बाईही.

चिन्हांचे जगात दोन मोठे प्रघात आहेत. नागमोडी रेझिस्टर जुना. अमेरिकेत तो रुजला आणि तिथल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं, म्हणजे आयट्रिपलईनं, १९७५ सालच्या आपल्या ३१५ क्रमांकाच्या मानकात तोच ठेवला. दुसरा प्रघात आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचा, म्हणजे आयईसीचा. हा आयोग १९०६ मध्ये स्थापन झाला, त्याचं मुख्यालय आज जिनिव्हाला आहे. त्याच्या ६०६१७ क्रमांकाच्या मानकात सुमारे १,९०० चिन्हं आहेत आणि त्यात रेझिस्टर म्हणजे साधा आडवा आयत. ब्रिटननं आयत स्वीकारला, म्हणून केंब्रिजच्या पुस्तकांत आयत. एनसीईआरटी आणि बालभारती यांच्या पुस्तकांत मात्र नागमोडी रेषा टिकून आहे. गंमत अशी की भारतीय मानक ब्युरोची याच विषयावरची आयएस १२०३२ ही मालिका आयईसीच्या वळणाची आहे. म्हणजे कारखान्यातल्या कागदावर एक चिन्ह आणि शाळेच्या फळ्यावर दुसरं, असा आपला कारभार आहे. मला त्यात फार मोठं संकट दिसत नाही. डिप्लोमाला गेलेला मुलगा आठवडाभरात आयताला सरावतो.

मुलाला एवढंच सांगा की ज्या मंडळाची परीक्षा, त्या मंडळाचं चिन्ह. एकाच आकृतीत एक रेझिस्टर नागमोडी आणि दुसरा आयत असं मात्र कधीही करायचं नाही. वाचणाऱ्याला वाटतं, या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

दोन्ही चिन्हांची आपापली पथ्यं आहेत. नागमोडी रेषेला वर तीन आणि खाली तीन टोकं पुरतात. पानभर करवत काढायची गरज नाही, रोध किती ते शेजारच्या आकड्यावरून कळतं. टोकं अणकुचीदार हवीत. घाईत ती गोलसर झाली की रेझिस्टरचं वेटोळं होतं आणि वेटोळं हे तारेच्या कुंडलाचं, म्हणजे इंडक्टरचं चिन्ह आहे. आयतवाल्या पुतणीला याहून मोठा धोका आहे. आयत काढताना जोडतारेची रेषा पट्टीनं सरळ ओढली आणि ती आयताच्या पोटातून आरपार गेली, तर तो रेझिस्टर राहत नाही, फ्यूज होतो. आयईसीच्या चिन्हांत मधून रेषा गेलेला आयत म्हणजे वितळतार. तिच्या वहीत हे तपासून बघा, एखादा नकळत काढलेला फ्यूज सापडण्याची शक्यता दाट आहे.

प्रश्न : सेलच्या चिन्हात लांब रेघ धन आणि आखूड रेघ ऋण, हे माझं दर वेळी उलटं होतं. यामागे काही कारण असेल तर लक्षात राहील. – आठवीतली विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : भौतिकशास्त्रातलं कारण नाही. धन टोकाची रेघ आखूड ठरवली असती तरी वीज तशीच वाहिली असती. पण दोन रेघाच का, याचं उत्तर चित्रातच आहे. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टानं १८०० साली जो पहिला विद्युतघट जगापुढे मांडला, तो जस्ताच्या आणि तांब्या-चांदीच्या चकत्यांचा मनोरा होता. दोन धातूंच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड. अशी जोडी एकावर एक रचत जायची. सेलच्या दोन रेघांकडे त्या दोन धातूंच्या पट्ट्या म्हणून बघ, म्हणजे बॅटरीच्या चिन्हात लांब-आखूड, लांब-आखूड अशी रांग का असते तेही कळेल.

लक्षात ठेवायला युक्ती सोपी आहे. लांब रेघ मधोमध कापली तर दोन तुकड्यांचं अधिक चिन्ह होतं. आखूड रेघ आहे तशीच वजा चिन्हासारखी दिसते. योगायोगानं एलईडीच्या दोन पायांतही लांब पाय धन बाजूचा असतो, तेव्हा एकाच आठवणीत दोन कामं होतात.

आखूड रेघ जाड काढायची. एनसीईआरटीच्या सातवीच्या पुस्तकात हे मुद्दाम सांगितलेलं होतं आणि ते सजावटीसाठी नाही. दोन्ही रेघा सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच जाडीच्या आल्या तर तुझा सेल राहतो बाजूला, तिथे धारित्र म्हणजे कपॅसिटर बसतो. वाचणारा म्हणेल, या सर्किटमध्ये वीज पुरवणारं काहीच नाही, दिवा लागणार कसा?

दोन सेल एकामागे एक जोडले तर पहिल्याची आखूड रेघ दुसऱ्याच्या लांब रेघेकडे तोंड करून आली पाहिजे. लांब रेघेसमोर लांब रेघ आली तर दोन्ही सेल एकमेकांविरुद्ध लावल्यासारखे होतात. रिमोटमध्ये एक सेल उलटा घातला की रिमोट चालत नाही, तेच इथे कागदावर घडतं. आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत दीड-दीड व्होल्टचे सहा घट असतात म्हणून सहा जोड्या काढत बसू नकोस. दोन टोकांच्या दोन जोड्या, मध्ये तुटक रेषा आणि शेजारी ‘९ व्होल्ट’ असं लिहिलं की झालं.

प्रश्न : दोन तारा एकमेकींवरून जातात तेव्हा जुन्या पुस्तकात एक तार दुसरीवरून उडी मारताना दाखवतात. नव्या पुस्तकात नुसती फुली. नेमकं काय काढायचं? – दहावीचा विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : हा प्रश्न छोटा दिसतो, पण सर्किटच्या आकृतीत यापेक्षा महत्त्वाचं काही नाही. जोडलेल्या तारा आणि नुसत्या ओलांडणाऱ्या तारा यांत गोंधळ झाला तर बाकीची सगळी चिन्हं सुरेख असूनही आकृती चुकीची ठरते.

जोड असेल तर ठळक ठिपका. नुसतं ओलांडणं असेल तर ठिपका नाही. हा आजचा नियम. छोट्या उडीची, म्हणजे अर्धवर्तुळाची पद्धत जुनी आहे. मानकांनी ती मागे टाकली असली तरी ती चूक नव्हे. तुझ्या पुस्तकातल्या तक्त्यात ती दिलेली असेल तर बिनधास्त काढ. हातानं काढलेल्या आकृतीत तिचा एक फायदाही आहे. ठिपका द्यायला विसरलास की दिलाच नाहीस, अशी शंका तपासणाऱ्याला येत नाही.

जिथे चार तारा एका बिंदूत जोडायच्या आहेत, तिथे मुरलेले ड्राफ्ट्समन फुलीवर ठिपका देत नाहीत. ते दोन तारा थोड्या सरकवून शेजारीशेजारी इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे दोन जोड करतात. कारण साधं आहे. फोटोकॉपीची फोटोकॉपी होते, ठिपका पुसट होतो किंवा कुठला तरी शाईचा डाग ठिपका होऊन बसतो. ‘टी’च्या आकारात ठिपका गेला तरी जोड कळतो, कारण तिथे तार संपते आणि तिला दुसरीकडे जायला वाटच नसते. याच भीतीपोटी रेझिस्टरवरचे आकडे लिहायची एक पद्धत पडली आहे. ४.७ किलोओहम असं न लिहिता ४के७ लिहितात, ४.७ ओहम असेल तर ४आर७. दशांशचिन्ह पुसलं गेलं तर ४.७ चे ४७ होतात. अक्षर सहसा पुसलं जात नाही. शाळेत असं लिहायची गरज नाही, पण पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सामान आणायला गेलास तर यादीत हे दिसेल.

जाता जाता उलट बाजूची चूकही सांगतो. चौकटीच्या कोपऱ्यात दोन रेषा भेटायच्या तिथे मिलिमीटरभर फट राहते. पेन्सिल घाईत उचलली जाते, दुसरं काही नाही. पण कागदावर तो परिपथ खंडित झाला. परीक्षकाला ती फट दिसतेच.

प्रश्न : इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात असं शिकवतात आणि डायोडचा बाण बरोबर उलट दिशा दाखवतो. मग चिन्ह चुकीचं आहे का? बोर्डाला ब्रिज रेक्टिफायर हमखास विचारतात आणि त्यात माझा एक तरी डायोड उलटा पडतो. – बारावीचा विद्यार्थी, अहिल्यानगर

उत्तर : चिन्ह चुकीचं नाही. ते इलेक्ट्रॉनची दिशा दाखवायला काढलेलंच नाही.

विजेला धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं १७४७ मध्ये वापरायला सुरुवात केली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांना. मधल्या दीडशे वर्षांत व्होल्टाचा घट आला, ओहमचा नियम आला, तारायंत्रं आली, डायनॅमो आले आणि सगळ्यांनी विद्युतधारा धनाकडून ऋणाकडे वाहते असं धरून आपापले नियम बांधले. तू दहावीत शिकलेला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियमही त्याच दिशेवर उभा आहे. इलेक्ट्रॉन ऋण निघाला म्हणून हे सगळं उलटं करायची गरज पडली नाही, कारण ऋण प्रभार डावीकडे गेला काय आणि तेवढाच धन प्रभार उजवीकडे गेला काय, हिशेब तोच येतो. शिवाय सगळीकडे इलेक्ट्रॉनच धावतात असंही नाही. द्रावणात धन आयन चालतात, पी प्रकारच्या अर्धवाहकात कृष्णविवरं नव्हे, नुसती विवरं चालतात (या दोन शब्दांची गल्लत उत्तरपत्रिकांत होते, म्हणून हा टोला). डायोडचा बाण, ट्रान्झिस्टरचा बाण, परिपथावर काढायचे धारेचे बाण, सगळे याच रूढ दिशेचे. एक दिशा पकडली की कुठे गाडी अडत नाही.

आता ब्रिज. चौकट कोपऱ्यावर उभी करून तिचा शंकरपाळा कर. डाव्या आणि उजव्या कोपऱ्याला ट्रान्सफॉर्मरमधून येणारी प्रत्यावर्ती धारा जोडायची. वरचा कोपरा धन, खालचा ऋण, इथून दिष्ट धारा बाहेर काढायची. डायोड काढण्याआधीच वरच्या कोपऱ्यावर अधिकचं चिन्ह लिहून टाक. मग चारही बाजूंवर एकेक डायोड असा काढ की प्रत्येकाचा बाण वरच्या दिशेनं, त्या अधिककडे झुकलेला राहील. खालच्या दोन बाजूंचे बाण ऋण कोपऱ्याकडून निघतात, वरच्या दोन बाजूंचे धन कोपऱ्यात पोहोचतात. एकाही बाणाचं तोंड खाली नको. काही मुलं प्रत्येक अर्धचक्रासाठी वाट मनात फिरवत डायोड बसवतात. त्यात वेळही जातो आणि चूकही होते. वाट शेवटी तपासायला फिरवायची.

एक डायोड उलटा बसला तर काय होतं, हेही बघून ठेव. समज, डावा-वरचा डायोड उलटा आहे. उजवा कोपरा धन झाला की धारा उजव्या-वरच्या डायोडमधून वर जाते आणि तिथून बल्ब किंवा रेझिस्टरकडे न जाता उलट्या डायोडमधून थेट डाव्या कोपऱ्याला उतरते. वाटेत रोध जवळजवळ नाहीच. कागदावर याला एखादा गुण जातो. टेबलावर डायोड जळतो, फ्यूज असेल तर तो जातो.

खऱ्या डायोडवर चिन्ह शोधायचं असेल तर १एन४००७ हा बाजारात सगळीकडे मिळणारा काळा डायोड हातात घे. त्याच्या एका टोकाला चंदेरी पट्टा असतो. चिन्हात बाणाच्या टोकाला असलेली आडवी रेघ म्हणजेच तो पट्टा. झेनर डायोडमध्ये याच रेघेची टोकं वाकवलेली असतात. एलईडीत दोन छोटे बाण बाहेर जाताना, फोटोडायोडमध्ये आत येताना दाखवायचे, कारण एक प्रकाश देतो आणि दुसरा घेतो.

प्रश्न : ट्रान्झिस्टरचं चिन्ह कशासारखंच दिसत नाही. एक उभी रेघ आणि तिला चिकटलेल्या दोन तिरक्या रेघा. हे आलं कुठून? – बारावीची विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : पहिला ट्रान्झिस्टर जवळजवळ तसाच दिसत होता!

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमचा एक लहान तुकडा घेतला आणि तो धातूच्या पट्टीवर बसवला. मग प्लॅस्टिकची एक त्रिकोणी पाचर घेऊन तिच्या कडेवर सोन्याचा वर्ख चिकटवला. पाचरीच्या टोकाशी तो वर्ख पात्यानं चिरला, म्हणजे एकमेकींच्या अगदी जवळ, पण एकमेकींना न लागणारी सोन्याची दोन टोकं तयार झाली. ही पाचर स्प्रिंगनं जर्मेनियमवर दाबून धरली. पाचरीच्या दोन उतारांवरून आलेली सोन्याची दोन टोकं आणि खाली जर्मेनियमचा पाया. तुझ्या चिन्हातली सरळ रेघ म्हणजे तो पाया, म्हणजेच बेस, आणि दोन तिरक्या रेघा म्हणजे एमिटर आणि कलेक्टरची टोकं. आकृती आडवी करून बघ, लगेच पटेल. या कामासाठी बार्डीन, ब्रॅटन आणि त्यांचे प्रमुख विल्यम शॉकली यांना १९५६ चं नोबेल मिळालं.

ही टोकं टेकवण्याची रीत फार काळ टिकली नाही. शॉकलींचा थरांचा ट्रान्झिस्टर आला, पाव-भाजी-पाव असे तीन थर असलेला, आणि आज तुझ्या हातातल्या बीसी५४७ या ट्रान्झिस्टरमध्ये सोन्याची पाचर वगैरे काही नसते. चिन्ह मात्र १९४७ च्या त्या टेबलावरच थांबलं आहे.

बाण फक्त एमिटरवर येतो, हे विसरू नकोस. एनपीएन असेल तर बाण बेसपासून बाहेर, पीएनपी असेल तर बेसकडे आत. कलेक्टरवरही बाण काढणारे विद्यार्थी आहेत. तसं चिन्ह कुठल्याच मानकात नाही.

मोबाइलमधल्या चिपमध्ये जे मॉसफेट प्रकारचे ट्रान्झिस्टर असतात त्यांच्या चिन्हात गेटची रेघ बाकीच्या भागाला टेकत नाही, मध्ये फट असते. ती फट खरी आहे. तिथे विद्युतरोधक थर असतो. अभ्यासक्रमात नाही, पण चिन्ह कुठे दिसलं तर फट बुजवू नकोस.

प्रश्न : प्रयोगशाळेत टेबलावर वस्तू जशा मांडतो तशाच आकृतीत का काढायच्या नाहीत? आमच्या टेबलावर अँमीटर रिओस्टॅटच्या उजवीकडे होता, आकृतीत डावीकडे. सर म्हणाले, चालतं. का चालतं? – नववीतला विद्यार्थी, उदगीर

उत्तर : कारण आकृती कोणती वस्तू कुठे ठेवली आहे हे सांगत नाही. कोणती वस्तू कोणाला जोडली आहे एवढंच सांगते.

चर्चगेट-विरार लोकलच्या डब्यात दारावर लावलेला स्थानकांचा नकाशा आठव, किंवा कधी मुंबईला गेलास तर बघ. मरीन लाइन्स आणि चर्नी रोड यांच्यात जेवढं अंतर दिसतं तेवढंच भाईंदर आणि नायगाव यांच्यात. प्रत्यक्षात दुसरं कितीतरी जास्त आहे, मध्ये अख्खी खाडी आहे. पण प्रवाशाला पुढचं स्थानक कोणतं आणि गाडी कुठे बदलायची, एवढंच हवं असतं. असे सरळ रेषांचे नकाशे ज्याच्यापासून रूढ झाले त्या हॅरी बेकचा लंडन भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला. हा बेक रेल्वेच्या सिग्नल विभागात विजेच्या आकृत्या काढणारा ड्राफ्ट्समन होता, तेव्हा ही युक्ती त्याच्या बोटांतच असणार.

तुमच्या सर्किटमध्ये अँमीटर एकसर जोडला असेल तर तो रिओस्टॅटच्या अलीकडे असो की पलीकडे, त्यातून जाणारी धारा तीच. व्होल्टमीटरचं तसं नाही. तो ज्याच्या दोन टोकांमधलं विभवांतर मोजायचं त्याच टोकांना समांतर जोडला पाहिजे. म्हणून आकृती काढताना आधी सेल, कळ, रिओस्टॅट, रेझिस्टर आणि अँमीटर यांची बंद चौकट पूर्ण करावी आणि व्होल्टमीटर सर्वांत शेवटी वरून जोडावा. मीटरच्या वर्तुळातून रेषा आरपार न्यायची नाही. रेषा परिघापाशी थांबते, आत फक्त अक्षर. आणि दोन्ही मीटरांची धन बाजू सेलच्या धन टोकाच्या दिशेला, नाहीतर प्रयोगाच्या वेळी काटा शून्याच्या मागे जाऊन आदळतो.

रिओस्टॅटचा विषय तू काढलाच आहेस तर त्याच्याकडे नीट बघ. चिनीमातीच्या नळकांड्यावर तार गुंडाळलेली असते. खाली दोन टोकांना दोन स्क्रू, वर पितळी दांडीच्या टोकाला एक आणि दांडीवर सरकणारी घसरपट्टी. खालचा एक आणि वरचा एक असे दोन स्क्रू वापरले तर पट्टी सरकवल्यावर रोध बदलतो. खालचेच दोन्ही वापरले तर पट्टी कितीही सरकव, अँमीटरचा काटा ढिम्म हलत नाही, कारण धारा संपूर्ण तारेतून जाते. चिन्ह हेच सांगतं. नागमोडी रेषेवरून तिरका बाण गेला तर दोन टोकांचा बदलता रोध. बाण मध्ये येऊन रेषेला काटकोनात टेकला आणि त्याला स्वतःची तार असली तर तिन्ही टोकं वापरली आहेत, म्हणजे तो विभव विभाजक झाला. हे दोन बाण एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

प्रश्न : आमच्या पुस्तकात बल्ब म्हणजे वर्तुळात तारेचं छोटं वेटोळं. बहिणीच्या पुस्तकात वर्तुळात फुली. वर्तुळातली फुली तर कागदाच्या आत जाणाऱ्या धारेची खूण ना? – दहावीची विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : दोन्ही. तारेच्या आडव्या छेदाच्या आकृतीत वर्तुळातली फुली म्हणजे आत जाणारी धारा, ठिपका म्हणजे बाहेर येणारी. परिपथात दोन बाजूंनी तारा येऊन टेकलेल्या असतील तर तीच फुली दिवा. संदर्भानं कळतं. तुमच्या पुस्तकात वेटोळं आहे, तेव्हा तेच काढ. कळ खुली दाखवून दिव्याभोवती किरण मात्र काढू नकोस, असे दिवे वह्यांमध्ये बरेच पेटलेले असतात.

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. चिन्हांच्या चुकांना किती गुण कापावेत यावर आमच्या शिक्षक-खोलीत एकमत होत नाही. काही सहकारी रेझिस्टरची टोकं मोजतात, काही काहीच बघत नाहीत. तुमचं मत? – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे, बाई. ती आकृती हातात घेऊन एखाद्यानं खरंच तारा जोडल्या तर सर्किट चालेल का, हे बघा. चालणार नसेल तर गुण कापा. व्होल्टमीटर एकसर, सेलमधून आरपार रेषा म्हणजे शॉर्ट सर्किट, कोपऱ्यात फट, डायोड उलटा, जोडाचा ठिपका गायब. ही यादी तुम्ही माझ्यापेक्षा लांब कराल. चालणार असेल, पण रेझिस्टरला चार टोकं आहेत किंवा वर्तुळ जरा लंबगोल आहे, तर लाल पेनानं खूण करा आणि पुढे चला. मंडळाच्या परीक्षेत आकृती पेन्सिलीनं काढायची असते, ते पाळलंच पाहिजे. पण सुबकपणाला वेगळे गुण नसतील तर तो भौतिकशास्त्राच्या गुणांतून वसूल करू नये.

टोकं मोजणाऱ्या सहकाऱ्यांना एवढंच विचारा, सहा टोकांच्या रेझिस्टरचा रोध सात टोकांच्या रेझिस्टरपेक्षा कमी असतो का?

प्रश्न : वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर आहे. मागचं झाकण उघडलं तर आत चिकटवलेला सर्किटचा कागद अजून वाचता येतो. त्यात मोठाली वर्तुळं आणि त्यांत तुटक रेषा आहेत. ही चिन्हं आता कुठे दिसत नाहीत. त्यांचा अर्थ सांगाल? – निवृत्त वाचक, सांगली

उत्तर : वर्तुळ म्हणजे काचेचा निर्वात फुगा. तळाशी छोटा कमानीसारखा किंवा टोपीसारखा भाग दिसेल, तो तापलेला कॅथोड आणि त्याला ऊब देणारा फिलामेंट. सर्वांत वरची आडवी पट्टी म्हणजे अ‍ॅनोड, जुने मेकॅनिक तिला प्लेट म्हणत. कॅथोड आणि प्लेट ही दोनच असतील तर तो डायोड. असा पहिला व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये बनवला. दहावीच्या डाव्या हाताच्या नियमातले फ्लेमिंग तेच. मधल्या तुटक रेषा म्हणजे ग्रिड, तारेची जाळी. इलेक्ट्रॉन जाळीतून पार जातात म्हणून रेषा तुटक काढतात. एक जाळी असेल तर ट्रायोड, अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्ट यांचा, १९०६ चा. तुमच्या रेडिओत तीन जाळ्यांचा पेंटोडही बहुधा सापडेल.

त्याच १९०४ साली कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या खनिजाच्या शोधकाचं, म्हणजे डिटेक्टरचं, अमेरिकन पेटंट मिळालं. व्हॉल्व्हचं युग सुरू होत असतानाच अर्धवाहकाचं बीज पडलं होतं. ट्रान्झिस्टरच्या जुन्या चिन्हाभोवतीही वर्तुळ काढत. आता ते नसलं तरी चालतं.

कागदाच्या खालच्या बाजूला लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा किंवा तिरक्या दात्यांचा पंजा दिसेल. पहिलं जमिनीला जोडण्याचं चिन्ह. तेच तीन पिनांच्या प्लगच्या जाड पिनेजवळही अनेकदा कोरलेलं असतं. पंजा म्हणजे रेडिओच्या धातूच्या सांगाड्याला जोड. जुन्या संचांत ही दोन्ही एकच असतील असं गृहीत धरू नका आणि संच विजेला लावण्याआधी जाणकाराला दाखवा. व्हॉल्व्हच्या रेडिओत प्लेटवर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो.

तो कागद जपून ठेवा. त्याचा स्वच्छ उजेडात काढलेला फोटो आम्हाला पाठवलात तर पुढच्या एखाद्या अंकात तो छापून त्यातली चिन्हं एकेक करून उलगडता येतील. इतर वाचकांच्या माळ्यावर असे कागद असतील तर त्यांनीही पाठवावेत.